योगिताने न सांगितलेलं वाक्य

गंजाडची योगिता आमच्या आरोग्य केंद्राकडे आशा कार्यकर्ती होती, मी तिच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक. माहेर गुजरातच्या सीमेवरच्या तलासरीचं, त्यामुळे गुजराती येत होती; घरची बोली वारली, मराठी शाळेतली. डॉक्टर मराठीत बोलायचे आणि ती लगेच तपासायला आलेल्या बाईकडे वळून वारलीत सांगायची. तिच्या तोंडून ऐकलेलं बायांना पटायचं. तिच्या पाड्यांत घरी बाळंत होणं जवळजवळ थांबलं होतं.

बत्तिसाव्या वर्षी तिचा एक डोळा अंधुक झाला आणि महिन्याभरात आपोआप सुधारला. पुढल्या वर्षी डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली, तिला कळलंच नाही. सासू बायजाने भगताला बोलावलं. मी तिला मुंबईला मोठ्या रुग्णालयात नेलं. आजाराचं नाव निघालं मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण शरीर स्वतःच कुरतडतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. इंजेक्शनं सुरू झाली, ती पुन्हा नीट चालू लागली. आम्हाला वाटलं, सुटली.

पण त्यानंतर जे जाऊ लागलं ते कुणाला दिसत नव्हतं. बोलता बोलता ती थांबायची. तेच दोनदा विचारायची. नवरा रूपेश चिडायचा, "लक्ष कुठं असतं तुझं?" बैठकीत एकदा मीही सगळ्यांसमोर बोलले तिला. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

मग रूपीचं झालं. योगिताच्याच पाड्यातल्या रूपीला सातवा महिना, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि म्हणाले, "डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच घटकेला यायचं. थांबायचं नाही." योगिताने गोळ्या सांगितल्या, मीठ सांगितलं. तिसरं राहिलं. दहाव्या दिवशी रूपीचं डोकं ठणकायला लागलं. ऊन लागलं असेल म्हणून ती दोन दिवस पडून राहिली, मग झटके आले. रूपी वाचली. मुलगी पोटातच गेली.

कुणी योगिताला दोष दिला नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. तिनेच येऊन मला सांगितलं.

त्याच सुमारास मुंबईच्या डॉक्टरीणबाई एक अभ्यास करत होत्या. मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले राहतात, या आजारात ते कसं बदलतं, हे एमआरआयवर पाहायचं होतं. योगिता स्वतःहून गेली. मी सोबत होते.

"नेहमीची वाट तुटली की मेंदू आडवाटा काढतो," बाईंनी पडद्यावर दाखवलं. "म्हणून तुमचं इतके दिवस निभावलं, ताई. पण त्याला फार राबावं लागतं. काही आडवाटाही आता थकल्यात."

योगिताने एकच विचारलं. "त्या दिवशी मी विसरले, ते आजारानं की माझ्या हयगयीनं?"

बाईंनी पडद्यावरचं चित्र पुन्हा निरखलं. "आजारानं असू शकेल. पण त्या एका क्षणाचं या चित्रावरून नाही सांगता येत."

तिला दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. ते अधांतरी राहिलेलं तिला सोसेना.

परत आल्यावर ती रूपीच्या घरी गेली. मी नको म्हटलं तरी गेली, म्हणून मीही सोबत गेले. रूपी भात पाखडत होती. योगिताने सगळं सांगितलं, अडखळत, मधले शब्द शोधत. रूपीचं सूप थांबलं.

"तू सांगितलं असतंस तर मी आले असते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही अंगणातूनच परत निघालो.

योगिताने काम सोडलं. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, अजून कळत नाही. वर्षाने पुन्हा तपासणी झाली, जोडण्या आणखी विरळ झाल्या होत्या. गेलेलं परत आणणारं औषध अजून नाही, एवढंच बाई म्हणाल्या.

परवा गेले तेव्हा ती बायजाशी बोलत होती. एक वाक्य वारलीत सुरू झालं, मध्येच गुजरातीत गेलं आणि तिथेच थांबलं. बायजाने थोडी वाट पाहिली, मग ती चुलीकडे वळली. योगिताचे ओठ अजून हलत होते.