काउंटरवरच्या बाई

आमच्या परळच्या कॉलेजात त्या सोळा वर्षं लायब्ररीच्या तळघरात पुस्तकं लावत होत्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी असूनही. वरच्या काउंटरवर चौघे पुरुष, चौघेही ग्रंथपालांच्या ओळखीतले. कुठलंही पुस्तक मागा, बाई कॉम्प्युटरकडे न बघता सांगायच्या, "तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा." आणि पुस्तक तिथंच असायचं.

मग तपासणी समिती येणार असं ठरलं. अहवालात कर्मचाऱ्यांमधल्या वैविध्याचा रकाना होता. ग्रंथपाल धावत तळघरात आले.

"उद्या काउंटरवर बसा, बाई. आपल्याकडे महिला आहे, बौद्ध समाजाची आहे, दोन्ही दिसायला हवं. आणि साडी जरा चांगली नेसा."

"एका साडीत दोन्ही कसं दिसणार, सर?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या रोजच्याच साडीत आल्या. समितीतल्या मॅडमनी विचारलं, "काउंटर कधीपासून सांभाळता?"

"पहिल्यापासून!" ग्रंथपाल म्हणाले.

"आज साडेदहापासून," बाई म्हणाल्या. "त्याआधी तळघरात."

मी कर्मचारी प्रतिनिधी. शेजारीच मान खाली घालून उभा होतो.

समिती गेली आणि बाई पुन्हा तळघरात. वेबसाइटवर मात्र त्यांचा मोठा फोटो झळकला. मी मोबाइलवर दाखवला.

"फोटो वर पोचला, सर. आता हा पोचवा," म्हणत त्यांनी काउंटरवर बदलीचा अर्ज पुढे केला. शिफारशीखाली माझं नाव आधीच टाइप केलेलं होतं.

मी सही केली. तेव्हापासून ग्रंथपाल माझ्याशी बोलत नाहीत, आणि बाईंच्या काउंटरपुढे रांग असते.