जनुभाऊ आणि सुकवलेलं विरजण

ड्रायरचा दरवाजा उघडण्याआधी जनुभाऊ त्याला कान लावत. मीटरवर सगळं दिसत असे, तरी डोळे मिटून ऐकत आणि मग म्हणत, "हां, सुटला पानी." रोह्याच्या त्या छोट्या कारखान्यात आम्ही डेअऱ्यांसाठी दह्याचं विरजण सुकवत असू. जंतू वाढवायचे, उणे चाळीसला गोठवायचे आणि आतली हवा ओढून घ्यायची. मग बर्फ न वितळताच वाफ होऊन निघून जाई आणि मागे पांढरी भुकटी उरे. दुधात पडली की तिच्यातले झोपलेले जंतू जागे होत.

जनुभाऊ पेणच्या खाडीकाठचे. घर मिठागरावर राबणारं, शाळा सातवीपर्यंत. "मिठागरात पानी घालवायचा नि मीठ ठेवायचा," ते सांगत. "हितं पानी घालवायचा नि जीव ठेवायचा. ह्या कठीन."

मी पेणची, नुकती बी.एस्सी. झालेली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. कारखान्यात नोकरी करणारी घरातली पहिलीच मुलगी, म्हणून वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात जमलं नाही, तर लग्न.

चौथ्याच महिन्यात मी घोळ घातला. गोठवण्याआधी जंतूंमध्ये साखरेचं द्रावण घालायचं असे. त्या दिवशी साखर संपली होती. मला वाटलं, साखर म्हणजे जंतूंचा खाऊ. बर्फात कोण खातंय? मी ती वगळली आणि रजिस्टरमध्ये मात्र 'साखर घातली' असं लिहून टाकलं.

भुकटी दिसायला झकास निघाली. पण तिचं विरजण लावलेलं दूध दुसऱ्या दिवशीही दूधच होतं. जनुभाऊंनी वाटी कलती करून पाहिली.

"मेलंय सगलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच, "काय राहिला गो?"

मी रडत रडत सांगून टाकलं.

"रडून ते उठनार नायत. का मेले, ता तरी बघू."

त्यांनी माझ्याकडून दोन छोटे घाणे करून घेतले, एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. साखरेच्या वाटीत सुरीने कापावं असं दही लागलं. दुसरीत काहीच नाही. त्या संध्याकाळी पेणला उतरल्यावर मी कॉलेजातल्या सरांचं घर गाठलं. त्यांनी समजावलं ते सकाळी जनुभाऊंना सांगितलं. जंतूचं कातडं म्हणजे चरबीच्या कणांचा दुहेरी पातळ पडदा. त्या कणांना पाणी एकमेकांपासून अंतरावर ठेवतं. पाणी गेलं की ते एकमेकांवर दाटतात, पडदा ताठरतो, आणि पुन्हा पाणी लागताच तो गळून आतलं सगळं बाहेर येतं. साखर असली तर ती पाण्याच्या जागी जाऊन बसते, शिवाय भोवती काचेसारखी थिजून सगळं जागच्या जागी धरून ठेवते.

जनुभाऊंनी क्षणभर विचार केला. "आपल्या पेनचे गनपती टेम्पोत भरतात, तवा मधी पेंढा लावतात नाय? पेंढा काढला तर नाक-हात लागून मोडनारच. साखर म्हंजे पेंढा."

मला इतकं सोपं सरांनीही सांगितलं नव्हतं.

माल वाया गेल्याचं कळून गुरुवारी मालक आले. त्यांनी रजिस्टर चाळलं. "नोंदी सगळ्या बरोबर आहेत. म्हणजे जनू, तुझ्या मशीनचाच दोष."

जनुभाऊ खाली बघत उभे राहिले. बोलले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. 

"साहेब," मी म्हणाले, "साखर मी घातली नव्हती. नोंद खोटी आहे."

"उद्यापासून येऊ नका."

तेव्हा कुठे जनुभाऊ बोलले. "साहेब, ही चूक हिच्या हातनं परत व्हायची नाय. नवीन मानूस आनलात, तर त्याची अजून व्हायचीय."

मालकांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी मला साखरेचं कारण विचारलं. मी पेंढ्यापासून सुरुवात केली. नोकरी राहिली, वर्षाची मुदतही मागे पडली. पुढे याच कामात मी दुसरीकडे प्रयोगशाळा सांभाळू लागले.

जनुभाऊ गेल्याचं मला उशिरा कळलं. मी त्यांच्या गावी गेले. त्यांच्या पत्नी, काकू, ओट्यावर वाल सोलत होत्या. नाव सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तू ती साखरेवाली व्हय?" त्या म्हणाल्या. "तू खरं सांगितलंस, त्या दिशी ते जेवलेच नायत गो. पयल्या कंपनीत यांच्या हातनं पंप बंद र्‍हायलेला, सगला माल गेला. हे गप बसले नि दुसऱ्या मानसाची नोकरी गेली. मना म्हनाले, त्या पोरीला जमला, ता मना जमला नाय."

मी तिथे त्यांचे उपकार सांगायला गेले होते. काकूंचा हात धरून नुसती बसून राहिले.