मोकळा केलेला पंप

डोमाजीचं दुकान ढाणकीच्या रस्त्याला होतं. दुकान म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. चार बल्ल्या, वर टिना आणि खाली ऑइल पिऊन काळी पडलेली माती. पाटी नव्हती आणि पाटीची गरजही नव्हती, कारण पेट्रोलचा फवारणी पंप बिघडला की आसपासच्या खेड्यांतला माणूस सरळ तिकडंच जायचा.

तरुणपणी डोमाजी यवतमाळला एका गॅरेजात राजदूत आणि लूना खोलायला शिकला. टू-स्ट्रोक इंजिनाची नस त्याला तिथंच सापडली. पुढं त्या गाड्या रस्त्यावरून हटल्या, नव्या गाड्यांची इंजिनं निराळी निघाली आणि डोमाजीवर माशा मारत बसायची पाळी आली. बायको नलू निंदणाला जायची, त्यावर चूल पेटायची. मग कपाशीवर कीड वाढली, हातपंपानं भागेना, तेव्हा पाठीवर बांधायचे पेट्रोल पंप बाजारात आले. डोमाजीनं पहिला पंप खोलला आणि हसतच सुटला.

"अवो, हे तं आपली लूनाच होय," तो नलूला म्हणाला. "पह्यले माणूस तिच्यावर बसे, आता थे माणसावर बसून राह्यली."

तिथून त्याचे दिवस फिरले. पेट्रोलात ऑइल कमी टाकलं की पिस्टन पकडतो आणि जास्त टाकलं की प्लग काळा पडतो, एवढी साधी गोष्ट लोकांना सांगता सांगता त्याच्या तोंडाला फेस यायचा. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात तोच पंप जाम करून परत यायचे. डोमाजी चिडायचा, पण हात चालूच असायचा. सायलेन्सरमधला कार्बन खरडायचा, कार्बोरेटर पेट्रोलात धुवायचा, स्क्रू अर्धा आटा मागं घ्यायचा आणि कान लावून ऐकायचा.

आता मोकळ्या पंपाचं सांगतो. फवारणीची मजुरी टाकीमागं मिळते, दिवसामागं नाही. हे ज्याला समजलं त्याला पुढचं सारं समजेल. टाकी लवकर रिकामी झाली तर दिवसाकाठी टाक्या जास्त होतात आणि घरी चार दाणे जास्त येतात. कारखान्यातून आलेला पंप मात्र आपल्या तब्येतीनं चालायचा. एकदा तांड्यावरचा प्रेमसिंग दुकानात आला. फवारणाऱ्यांची टोळी तोच चालवायचा.

"डोमाजीभाऊ, हा पंप हाय का बैलबंडी? याले जरा मोकळा करून द्या."

डोमाजीनं नोझलचं भोक थोडं मोठं केलं, प्रेशरची स्प्रिंग आवळली आणि रेस जिथं अडते तो खिळा काढून टाकला. पंप असा सुटला की टोळीतले बाकीचे दुसऱ्याच दिवशी आपापले पंप घेऊन दुकानासमोर हजर. मग हे नावच पडलं. पंप मोकळा करायचा तर डोमाजीकडूनच, असं लोक म्हणायला लागले. तेव्हा कपाशी कमरेला लागायची, औषध खाली पडायचं, कुणाला काही झालं नाही. आज जे लोक त्याला नावं ठेवतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. मोकळा करून नेणारे हेच होते.

डोमाजीला उर्वशी ही एकच मुलगी. ती आपल्याच वस्तीतल्या धम्मदीपला दिली. जावई गरीब, सरळ आणि कामाला वाघ. सासऱ्यासमोर मान वर करून बोलायचा नाही. लग्नानंतर डोमाजीनं त्याला एक पंप तयार करून दिला. नवा पिस्टन, नवी रिंग, पाठीला टोचू नये म्हणून आतून फोम. धम्मदीप प्रेमसिंगच्या टोळीत जायला लागला. उर्वशी त्याच्यासोबत जायची, विहिरीवरून पाणी आणायची, बादलीत औषध कालवायची. दोघांचं बरं चाललं होतं.

मग ते साल आलं. त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. दाट एवढी की आत शिरलेला माणूस दिसायचा नाही. कीडही तशीच उसळली, लोक दोन-दोन औषधं एकत्र मिसळायला लागले. डोमाजीच्या दुकानासमोर पंपांची रांग लागली. दिवस उजाडला की तो खाली बसायचा आणि दिवे लागेपर्यंत उठायचा नाही. शेतात जाऊन पऱ्हाटी पाहायला त्याला सवड कुठून मिळणार?

एका दुपारी धम्मदीप आला. डोळे लाल झालेले.

"मामाजी, सारं तोंडावर येऊन राह्यलं. डोळे लय चुरचुरतात."

डोमाजीनं हात पुसले. "रेस पूर्ण देता का?"

"देतो."

"मंग प्रेशर कमी पडत असन. औषध दूर फेकलंच नाई जात तं तोंडावरच येईन. थांबा, जोर वाढवून देतो."

माणूस डोळ्यांचं सांगत होता आणि सासरा इंजिनाचं ऐकत होता. डोमाजीनं स्प्रिंग आणखी आवळली, स्क्रू फिरवला, पाणी भरून चालवून पाहिलं. फवारा एवढा बारीक निघाला की त्याला स्वतःलाच समाधान वाटलं. सासऱ्यानं सांगितलं म्हणजे बरोबरच असेल, असं धम्मदीपनं धरलं. जय भीम करून तो पंप घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शेताच्या धुऱ्यावर ओकत पडला. उर्वशी आणि प्रेमसिंगनं त्याला जीपमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. डोमाजी आणि नलू मागून एसटीनं गेले. पाहतात तो वॉर्डात तशीच आणखी माणसं, कुणाचे हात खाटेला बांधलेले, कुणाची आई पायाशी बसलेली. डोमाजीनं प्रेमसिंगला व्हरांड्यात गाठलं.

"झालं काय पण? पंप तं मी नीट करून देल्ला होता."

प्रेमसिंगनं हात डोक्याच्या वर धरून दाखवला. मग म्हणाला, "पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली भाऊ. नळी वर धरा लागते. तुमच्या पंपाचं धुकं होते, आन् थे धुकं वरून आपल्यावरच बसते. जेवढा जोर जास्त, तेवढं धुकं जास्त."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"जवाई आलता नं तुमच्याकडं."

डोमाजीला आपण आवळलेली स्प्रिंग आठवली. सारा हिशोब त्याला तिथंच लागला आणि तो इतका सोपा होता की त्याला स्वतःची किळस आली.

धम्मदीप वाचला. पण डोळ्यांपुढं पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. वाट पाहिली, नजर आली नाही. घरी आणल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि सासऱ्याचा आवाज ऐकून म्हणाला, "मामाजी, पंप झाकून ठेवला नं? पाऊस हाय." दोष द्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर डोमाजीला रात्री झोप तरी लागली असती.

त्या दिवसापासून डोमाजीनं मोकळे पंप बंद करायला घेतले. पंप दुरुस्तीला आला की तो नोझल बदलायचा, स्प्रिंग ढिली करायचा आणि काढलेला खिळा परत ठोकायचा. लोक वैतागले. "पोट कसं भरा मंग?" असं तोंडावर विचारायला लागले. बसस्टँडजवळ एक नवा मेकॅनिक बसला होता, तो सांगाल तसा पंप मोकळा करून द्यायचा. गिऱ्हाईक तिकडं गेलं. डोमाजी पुन्हा माशा मारायला लागला, पण हटला नाही. धम्मदीपचा पंपही त्यानं तसाच बंद करून उर्वशीच्या घरी ठेवून दिला होता.

पुढच्या हंगामात उर्वशी तोच पंप घेऊन दुकानात आली.

"बाबा, हा मोकळा करून द्या."

"तुले कायले पाह्यजे?"

"कायले म्हणजे? पाणी आणून आन् औषध कालवून दोघांचं भागत नाई. मी फवारतो आता."

"तुह्या जागी मी जातो."

"तुमच्यानं पाण्याची बादली उचलत नाई, टाकी कशी उचलान?"

डोमाजी म्हणाला, "फवारायचंच हाय तं असाच ने. सावकाश चालते, पण अंगावर येत नाई."

"टोळी रांगेनं चालते बाबा. माह्या एकटीसाठी कोण थांबन? मागं राह्यली तं दुसऱ्या दिवशी घेत नाई."

डोमाजीनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. उर्वशी भांडली नाही, रडली नाही. पंप उचलला आणि निघून गेली. नलूनं त्या दिवशी नवऱ्याशी बोलणं टाकलं. तो बरोबर होता की चूक, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पंधरवड्यानं प्रेमसिंग दुकानावर आला. बसला नाही. "भाऊ, उर्वशी आमच्या टोळीत फवारून राह्यली. नाई म्हटलं होतं मी, पण तिचं ऐका लागलं. नाल्याकडच्या वावरात हाये."

डोमाजी दुकान उघडं टाकून निघाला. खिशात पाना-पेचकस राहून गेले होते. नाल्याकडच्या वावरात पऱ्हाटी छातीच्या वर आली होती आणि टोळी रांगेनं सरकत होती. त्यानं धुऱ्यावरून हाका मारल्या, इंजिनांच्या आवाजात त्या कुणाला ऐकू जाणार? शेवटी पऱ्हाटीची ओळ संपवून उर्वशी धुऱ्यावर आली, बापाला पाहून तिनं इंजिन बंद केलं. तोंडाला बांधलेली ओढणी ओली झाली होती.

"बसस्टँडवाल्यानं मोकळा केला," ती आपणहून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पण लय तापते बाबा. पाठ भाजून निघते. तुम्ही केला असता तं चांगला केला असता."

डोमाजीनं पंप तिच्या पाठीवरून उतरवला. पाठीवर लाल चट्टा उठला होता. त्यानं प्लग काढून पाहिला, पांढरा पडलेला. त्या मेकॅनिकनं पेट्रोल कमी आणि हवा जास्त सोडली होती, म्हणून इंजिन जळत होतं. डोमाजीनं स्क्रू फिरवला. सुटलेला फोम आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची पट्टी फाडून बांधला. टाकीचं झाकण झिरपत होतं, ते घट्ट बसवलं. मग त्याचा हात नोझलकडं गेला.

"थे भोक नका बारीक करू," उर्वशी म्हणाली. "पाया पडतो तुमच्या."

डोमाजी त्या नोझलकडं पाहत राहिला आणि धुऱ्यावर बसल्या बसल्या पोरीसमोर हमसून रडला. उर्वशीचेही डोळे भरले, पण तिची नजर रांगेवर होती.

"लवकर करा बाबा, टोळी पुढं गेली."

त्यानं नोझल तसंच सोडलं. दोरी ओढली, इंजिन चालू झालं. थोडं ऐकून त्यानं स्क्रू अर्धा आटा मागं घेतला, मग दोन्ही हातांनी पंप उचलला आणि लेकीच्या पाठीवर चढवला.