गच्चीवर हॅम आणि चीज

सरत्या वर्षाच्या कॅलेंडरचं एक पान मी टर्रकन फाडलं, उलटं केलं आणि जाड मार्करने त्यावर लिहिलं, ‘हॅम-चीज सँडविच. यात डुकराचं मांस आहे. ज्यांना चालतं त्यांनी घ्यावं.’ ‘डुकराचं’ हा शब्द मुद्दाम बाकीच्यांपेक्षा मोठा काढला. वर्षानुवर्षं फळ्यावर सुविचार लिहून माझं अक्षर बरं झालंय. त्याचा असाही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

हा कागद लिहायची वेळ समोरच्या वहिनींनी आणली. परभणीतल्या आमच्या इमारतीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि वहिनींचं दार आमच्या दारासमोर. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं गच्चीवर जमतात. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा, अशी रीत आहे. एका टेबलावर शाकाहारी, दुसऱ्यावर चिकन, मटण, अंडी. इतकी वर्षं मी मुकाट मसालेभात नेत आले. मसालेभाताला कोणी काही विचारत नाही, म्हणून.

यंदा माझी लेक आली होती. ती पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी करते. येताना गाडीतून थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आली, त्यात बर्फाच्या पिशव्या, चीज आणि हॅमची पाकिटं. “मम्मी, रविवारी सकाळी आमच्याकडे ह्याच्यासाठी रांग लागते. लादीपाव आडवा कापायचा, मधे हॅम आणि चीज भरायचं, वरून लोणी लावून भाजायचं. शंभर माणसांना पुरवायला याच्याइतकं सोपं काही नाही.” आणि मग फोनवर आधीच आजीला, म्हणजे माझ्या मायला, सांगून ठेवलेलं तिने पुन्हा सांगितलं, “आजी, पुण्यात लोक सुटाबुटात येऊन डुक्कर खातात.”

ही बातमी वहिनींपर्यंत जिन्यातच पोचली. लगेच आल्या.

“मॅडम, हॅम म्हणजे ते... तेच ना?”

“तेच. डुक्कर.”

“हळू बोला हो! आमचा मुलगा जर्मनीत खातो, नाश्त्याचे फोटो टाकतो. पण तिकडचं वेगळं, तिकडे थंडी असते.” मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “असं करा ना, चिकन म्हणून ठेवा. कोणाला कळतंय?”

वहिनी वाईट नाहीत. मला डेंग्यू झाला तेव्हा रोज पपईच्या पानांचा रस घेऊन यायच्या आणि मी तो पिईपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. पण त्या क्षणी माझं टाळकं सरकलं. “वहिनी, खालच्या मजल्यावर नमाज पढणारं कुटुंब राहतं. त्यांच्या लेकरांना मी चिकन सांगून डुक्कर खाऊ घालू?” हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. गोऱ्यामोऱ्या झाल्या. “मग करूच नका ना,” असं म्हणाल्या.

“करणार. आणि लिहून ठेवणार.”

आता माझ्या मायबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं. पिंगळीच्या अलीकडे आमचं गाव. गावात नाही, गावाच्या कडेला आमची वस्ती. आमच्यात डुक्कर खात. सणाला, पाहुण्याला, कधी नुसताच वाटा आला म्हणून. त्याचं पातेलं वेगळं, ते घरात यायचं नाही, मागच्या कुडाच्या भिंतीला उपडं टांगलेलं असायचं. रस्त्याने जाणाऱ्या बाईने “काय शिजवायलीस गं?” असं विचारलं की माय म्हणायची, “भाजी हाय.” आम्ही जेवलो की ती चुलीतली राख घ्यायची आणि आमचे दात, ओठ, हनुवटी खसाखसा घासायची. ओठ हुळहुळायचे. शाळेत वास जाऊ नये म्हणून. स्वतःचंही तोंड ती पदराने इतकं पुसायची की लाल व्हायचं.

इमारतीत राहायला आल्यापासून तिने डुकराचं नाव काढलं नव्हतं. साधं सुकट भाजायचं तरी आधी खिडक्या लावायची. गच्चीवरच्या जेवणाला ती एकदाही आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. त्याच गुडघ्यांनी रोज सकाळी तीन मजले उतरून ती कोथिंबीर आणते आणि भाजीवाल्याशी भांडून वर मिरच्या घेऊन येते. गच्चीला आमच्या दारापासून एकच जिना आहे. मला त्या संध्याकाळी एवढंच हवं होतं की माझ्या मायनं गच्चीवर, सगळ्यांच्यात बसून हे खावं. बाकी कोणी हात लावला नाही तरी माझं काही अडत नव्हतं.

“मी न्हाई येणार,” मायने आधीच सांगून टाकलं. “तुमचं चालू द्या.”

नवऱ्याने “तुम्ही मायलेकी बघा” म्हणून हात झटकले आणि तो खुर्च्या लावायला वर गेला. आम्ही कामाला लागलो. सकाळीच पावाच्या भट्टीवरून लाद्या आणल्या होत्या, अजून मऊ होत्या. लेक एकेक पाव सुटा न करता अख्खी लादी मधून आडवी कापायची. खालच्या अर्ध्याला लोणी आणि मोहरीची चटणी, त्यावर हॅमचे काप, त्यावर चीज, मग वरचा अर्धा पुन्हा झाकणासारखा. पातळ केलेल्या लोण्यात बारीक कांदा आणि खसखस घालून ते वरून फासायचं. मायने पलंगावर बसूनच एक काप मागितला. बोटात धरून उजेडात बघितला.

“हे डुक्कर हाय? कागदावानी?” खाल्ला. “खारट हाय. नुसतं खारट. चांगल्या जनावराचं वाटोळं केलं.” मग उठून आली आणि आमच्या लोण्यात चिमूटभर काळा मसाला टाकला. लेक ओरडली, “आजी, रेसिपी बिघडेल!” मग बोट बुडवून चाखलं. जरा वेळाने तिनेच आणखी एक चिमूट टाकली.

आता भाजायचं कशात? घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये एक लादीसुद्धा धड बसत नव्हती. मी म्हटलं, त्यात काय, भट्टी आहे की. दिवाळीत अख्खी परभणी घरचं पीठ, तूप, साखर घेऊन भट्टीवर जाते आणि नानकटाई भाजून आणते. मीही दरवर्षी जाते. सवयीने लाद्यांच्या दोन्ही पराती फडक्यात बांधल्या, रिक्षात बसले आणि निघाले. डोकं कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

भट्टीवाले चाचा मला वीस वर्षं ओळखतात. फळकुटाच्या पलीकडून हसले, हात पुढे केले. “क्या लाए मॅडम, खारी?”

ते हात परातीकडे येताना बघितले आणि मी काय घेऊन आलेय ते मला कळलं. मी परात झटकन मागे ओढली. “चाचा, हात नका लावू. यात डुक्कर आहे. माझ्या लक्षातच आलं नाही.”

भट्टीवरचे सगळे थांबले. चाचांनी हात मागे घेतले आणि फडक्याला पुसले, तसे ते काही लागले नव्हते. क्षणभर मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. पण ते म्हणाले, “बुरा मत मानो, ये भट्टी में नको.”

“माझंच चुकलं, चाचा.”

“बोल दिये ना? बस. नहीं बोलते तो मेरी भट्टी जाती.” मग परातीकडे मान करून म्हणाले, “पाव मेरा, बाकी तुम्हारा. दिवाळी को आव.”

परत येताना रिक्षात मला स्वतःचा भयंकर राग आला. पण रागाच्या खाली एक गोष्ट बरी वाटत होती. त्या माणसाने तोंडावर नाही म्हटलं आणि मला तसूभरही छोटं केलं नाही. त्याच्या नकारात माझ्याबद्दल काही नव्हतं, त्याच्या भट्टीबद्दल होतं. असा नकार मला आयुष्यात फार कमी मिळाला आहे. भाड्याचं घर शोधताना मिळायचा तो वेगळा. तेव्हा मालकीण आधी आडनाव विचारायची, मग “आम्ही नातेवाइकांना द्यायचं ठरवलंय” म्हणून गोड हसायची.

घरी आले तर तशाच परत आलेल्या पराती बघून लेक रडकुंडीला आली. गच्चीवर माणसं जमायला लागली होती. “ओव्हनमध्ये तुकडे करून भाजू, खिडक्या लावून,” मी म्हणाले. हे माझ्या तोंडून निघालं. खिडक्या लावून! कागदावर मोठ्या अक्षरात डुक्कर लिहिणारी मी.

माय पलंगावरून बघत होती. म्हणाली, “कशाला जीव जाळायलीस? गच्चीवर तीन इटा मांड.”

“काय?”

“कणकेचे रोडगे भाजत्यात तसं. खाली इस्तू, वर इस्तू. मधी तुझी परात. लय सोपं हाय. दोन घरच्या लग्नाचे रोडगे भाजलेत मी, ह्या चार पावांचं काय घेऊन बसलीस?”

“वर सगळ्यांसमोर?”

मायने पदर खोचला आणि चपला शोधायला लागली.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या रखवालदाराकडून नवऱ्याने पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा आणला. विटा गच्चीवर टाकीच्या दुरुस्तीच्या पडलेल्याच होत्या. मायने त्या मांडल्या, पऱ्हाट्या पेटवल्या, जाळ खाली बसू दिला. मग निखाऱ्यावर परात, तिच्यावर एक रिकामी परात उपडी, आणि चिमट्याने उचलून वरही निखारे. कोणाला काही विचारलं नाही. पाटाच्या जागी एक वीट घेऊन चुलीपुढे बसली. गुडघे अजिबात दुखत नव्हते.

मी टेबलावर कागद चिकटवला. लोक यायचे, वाचायचे आणि एकदम बाजूच्या ढोकळ्याबद्दल बोलायला लागायचे. कोणीतरी मोबाइलमध्ये फोटो काढला. एकजण हसून म्हणाला, “मॅडम, धाडस आहे हं.” मी म्हटलं, “धाडस कसलं, सँडविच आहे.” खालच्या मजल्यावरच्या साहेबांनी कागद वाचला, मला आदबीने सलाम केला आणि आपल्या लेकरांना शाकाहारी टेबलाकडे नेलं. त्यांचं मला पटलं. ज्यांचं पटलं नाही ते माझ्याकडे बघतच नव्हते.

आणि मग वास सुटला. लोणी, कांदा, काळा मसाला, वितळलेलं चीज आणि पऱ्हाट्यांचा धूर. गच्चीला खिडक्या नसतात. तो वास सगळीकडे गेला, ढोकळ्यापर्यंत, खुर्च्यांपर्यंत, खालच्या जिन्यापर्यंत. पोरं चुलीभोवती जमली. त्यांच्या आया त्यांना हाका मारत होत्या.

वहिनीही आल्या. हातात चमचा, नजर परातीवर. मी टेबलापाशीच उभी होते, ऐकू येण्याइतकी जवळ. वहिनींना बिचाऱ्यांना अजूनही काहीतरी वाट काढायची होती. वाकून म्हणाल्या, “आजी, वास फार सुरेख येतोय हो. काय भाजताय? चिकन आहे ना?”

मायचं आयुष्यभराचं उत्तर मला माहीत होतं. कुडाला टांगलेलं पातेलं माहीत होतं. आता माय “भाजी हाय” म्हणणार, किंवा नुसती मान हलवणार, आणि मी सगळ्या गच्चीसमोर जो कागद लावला त्याला काही अर्थ उरणार नाही.

मायने चिमट्याने वरची परात बाजूला केली. वाफ निघाली. लाद्या खरपूस झाल्या होत्या, कडेने चीज उतू आलं होतं.

“डुक्कर हाय,” ती म्हणाली. अगदी मोठ्याने, शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारावी तसं. “खाता का?”

वहिनी मागे सरकल्या. “नाही, आमच्यात नाही चालत,” असं पुटपुटल्या.

“मंग न्हाई तर न्हाई. ढोकळा खावा.”

लेक तेवढ्यात खदखदून हसली आणि सुरी घेऊन पुढे आली. बँकेतल्या एका पोराने पहिली बशी पुढे केली, मग त्याच्या बायकोने, मग आणखी दोघा-तिघांनी. बरेच जण लांबच राहिले. वहिनी त्यांच्यातच गेल्या आणि त्या रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलतील कधीतरी, नाही बोलल्या तर राहिलं. मी कागद काढला नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच होता.

मायने स्वतःसाठी कोपऱ्यातला, जास्त करपलेला तुकडा घेतला. विटेवरून उठली, सगळ्यांच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि चावली. चीजची तार लांबली, लोणी ओठावरून हनुवटीवर ओघळलं. चुलीच्या उजेडात तिची हनुवटी चकाकत होती. मी जवळ गेले आणि सवयीनेच कागदी रुमाल पुढे केला.

मायने माझा हात बाजूला सारला.

“राहू दे,” ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.