केबिन नको, मोरी पाहिजे

शिरूरच्या एका कॉलेजात मुलांना स्वतःचे धंदे सुरू करता यावेत म्हणून केंद्र उभारायचं ठरलं आणि त्याचा आराखडा माझ्याकडे आला. मी आर्किटेक्ट म्हणून नवखी होते. माहेर दौंड तालुक्यातल्या राहू गावचं, त्यामुळे काम भीमेपलीकडचं असलं तरी घरचंच वाटलं.

जागा म्हणजे कॉलेजच्या मागची जुनी वर्कशॉपची शेड. प्राचार्यांनी मोबाईलवर पुण्यातल्या एका केंद्राचे फोटो दाखवले. काचेच्या केबिन, रंगीत खुर्च्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत सुविचार. "असंच करा मॅडम," ते म्हणाले. मीही तसंच काढलं. मग सहज विचारलं, "इथं बसणार कोण?"

त्यांनी दोन मुलींना बोलावलं. एक दौंड तालुक्यातली. घरची पूर्वीची मेंढरांची वाट सुटून आता ऊस आला होता, तरी वडिलांनी थोडी मेंढरं ठेवली होती. लोकरीला गिऱ्हाईक नव्हतं. दुसरी इनामगावकडची, घरी गुलाबाचं पॉलीहाऊस. दोघींनी लोकर धुऊन, दाबून जाड चादरी बनवल्या होत्या आणि फुलांच्या खोक्यांना आतून लावल्या होत्या, उन्हाळ्यात माल थंड राहावा म्हणून. हे सगळं त्या हॉस्टेलच्या बाथरूममध्ये करत. लोकरीनं सांडपाण्याचा पाइप तुंबला, तेव्हा रेक्टरबाईंनी शेवटची ताकीद दिली होती.

"तुम्हाला केबिन केवढी लागेल?" मी विचारलं.

दौंडकडची म्हणाली, "मॅडम, केबिन नको. मोरी पाहिजे. मोठी."

मी आराखडा पुन्हा काढायला बसले. उताराची रुंद मोरी, लोकर अडवायला जाळ्या, पाणी गाळून झाडांकडे. वाळवायला उन्हाचं अंगण. फोनवर बोलायला दार लागेल अशी एक शांत खोली. आणि मागच्या रस्त्याला शटर.

प्राचार्य कागदाकडे बघत राहिले. "विद्यापीठाची समिती येणार आहे. त्यांना काय मोरी दाखवू?"

"दाखवा ना सर. तिच्यात काम चालू असेल."

मोरी त्यांनी कशीबशी गिळली, पण शटरला हरकत घेतली. मागून रस्ता उघडा पडला की शिस्त गेली, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा इनामगावकडची पुढं झाली. "सर, टेम्पो दाराला लागला न्हाई तर आम्ही खोकी डोक्यावर न्यायची का पार गेटापर्यंत?" सरांना हसू आलं. शटर मंजूर झालं.

शेड तयार झाली आणि ऐन मे महिन्यात मुलींनी नागपूरला माल धाडला. काही खोकी थर्माकोलची, काही लोकरीची. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला आणि आम्ही सगळे त्या शांत खोलीत घुसलो. फोन स्पीकरवर होता.

"थर्माकोलवाल्या फुलांनी माना टाकल्या," तो म्हणाला. "ही दुसरी मात्र आत्ता तोडल्यासारखी आहेत. आत घातलंय काय?"

"मेंढीची लोकर."

मग तो म्हणाला, "पुढचा सगळा माल यातच पाठवा."

केवढा ओरडा झाला! शेजारच्या वर्गातली मुलं धावत आली. प्राचार्यांनी स्वतः पेढे मागवले. मी मोरीच्या कट्ट्यावर बसून दोन खाल्ले आणि आपण काढलेल्या भिंती पहिल्यांदाच मला खऱ्या वाटल्या.

समिती आली तेव्हा प्राचार्य तिला ऑफिसात न नेता थेट शेडकडे घेऊन गेले. "ही आमची मोरी," छाती काढून म्हणाले. समितीतल्या एका बाईंनी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि ओल्या फरशीवर उतरून जाळ्या बघितल्या. तेवढ्यात दौंडकडच्या मुलीचे वडील टेम्पोतून पोती उतरवत होते. बाईंनी विचारलं, "मामा, लोकर तुमचीच का?"

"व्हय. आधी बांधावर टाकून द्यायचो. आता पोरगी घेती." मग मुलीकडे बोट करून म्हणाले, "पर लई कडक हाय. वली लोकर परत धाडती, सख्ख्या बापाची!"

सगळे हसले. मुलगी मात्र हसली नाही. तिनं पोत्यात हात घालून लोकर तपासली आणि मगच मान हलवली. बाईंनी प्राचार्यांना विचारलं, "हा आराखडा काढला कुणी?" त्यांनी मला पुढं केलं. मी नुसता नमस्कार केला, पण आतून मी उंच झाले होते.

त्यानंतर दौंडच्या एका कॉलेजानं बोलावलं. म्हणाले, शिरूरचाच आराखडा इथं बसवून द्या. मी म्हटलं, आधी तुमची मुलं भेटू देत. मुलं आली. त्यांना शेतीची अवजारं बनवायची होती आणि अख्खा ट्रॅक्टर आत येईल एवढं दार हवं होतं. मी पर्समधून टेप काढली आणि बाहेर उभ्या ट्रॅक्टरची उंची घ्यायला गेले.