आज कुठं अडकली?

माझ्या सासूबाई, मार्थाबाई, रोज पहाटे शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायच्या आणि एखाद्या ओळीपाशी अडकेपर्यंत वाचायच्या. अडकल्या की पुस्तक बंद. मग ती एक ओळ मनात घेऊन दिवसभर भाकरी थापायच्या, कापूस वेचायच्या, शेजारणीशी भांडायच्या. कापसाच्या वावरातून चालताना वाळक्या बोंडाचं टोक लुगड्याला धरतं, तसं शास्त्रातलं एखादं वाक्य माणसाला धरतं, असं त्यांचं म्हणणं. "पदर ओढून पुढं नाई जायचं. थांबायचं. कोणं धरलं ते पाहायचं."

लग्न होऊन मी महागाव तालुक्यातल्या त्या गावी आले, तेव्हा घरापुढे पिठाची चक्की होती आणि ती चालवणं माझ्या वाट्याला आलं. लाईट कधी येईल, कधी जाईल याचा नेम नव्हता. पहाटे आली की बाया डबे घेऊन दारात उभ्या. आणि आत सासूबाई विचारणार, "रिबके, तू कुठं अडकली वं?" मी सुचेल ती ओळ सांगून उठायची. त्यांना कळायचं. "जाय, तुही लाईट आली. माही यायची हाय अजून," म्हणायच्या आणि डोळे मिटायच्या. एखाद्याला कशानंच धरलं नाही, तर त्या रागावत नसत. "बरं. उद्या पाहू," एवढंच.

प्रार्थनाही त्यांची वऱ्हाडीतच. चर्चच्या पाळकसाहेबांची प्रार्थना छापून आणल्यासारखी असे; ह्यांची अंगणातल्या भांडणासारखी. "बापा, पाणी काहून नाई देत रे? दिसत नाई का तुले, का नुसता पाहून राह्यला?" मी एकदा म्हटलं, "आई, देवाला असं बोलतात का?"

"मंग कोणाले बोलू? सरपंचाले?"

त्या वर्षांत कापसानं आमचा भाग पार खचवला. अळी पडायची, बोंड गळायचं, जे हाती लागायचं त्याला भाव नसायचा. एका घरी भेटून येईस्तोवर दुसऱ्या घरून कुणी जीव दिल्याचा निरोप यायचा. माझा नवरा सामुएल फुलसावंगीला एका कृषी केंद्रात काउंटरवर होता. बियाणं, खत, फवारणीचं औषध तोच काढून द्यायचा. एका दुपारी आमचे शेजारी भीमराव दुकानात आले. अळीसाठी औषध मागितलं. सामूनं दिलं. भीमरावांनी ते वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून स्वतःच घेतलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर सामू दुकानात गेला नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बोलणं बंद, खाणं नावापुरतं. मला कळत होतं तो कुठे चाललाय ते. मी रडत बसणारी बाई नाही. घरात धोक्याचं जे जे होतं ते उचलून चक्कीच्या खोलीत कुलपात टाकलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. दळता दळता मधेच चक्की थांबवून त्याला पाहून यायची. त्या दिवसांत बायांना पीठ जाडं-बारीक कसंही मिळालं, पण एकीनंही तक्रार केली नाही.

सासूबाईंनी वाचन सोडलं नाही. उलट त्याच्या खाटेपाशीच बसून वाचायला लागल्या. पण त्या एका स्तोत्रात अडकल्या. देवाला हाका मारून मारून थकलेल्या माणसाचं ते स्तोत्र. बाकीच्या विलापांच्या शेवटी थोडा तरी उजेड असतो. हे मात्र अंधारातच संपतं. रोज तेच. शेवटपर्यंत वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीला विचारायचं, "सामू, तू कुठं अडकला?"

मग त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायच्या.

"बरं. उद्या पाहू."

पाळकसाहेब उमरखेडहून भेटायला आले. म्हणाले, "मार्थाबाई, त्याची अशी अवस्था, आणि तुम्ही हे वाचता? काहीतरी स्तुतीचं वाचा. विश्वास वाढेल."

"मले धरलं हाय, पाळकसाहेब. पदर फाडून पुढं जाऊ का?"

"पण त्यात आशा कुठं आहे?"

सासूबाईंनी पुस्तकाच्या पानावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मलेही नाई दिसत. पण हे ज्यानं लिवलं, त्यानं आपलं समदं गाऱ्हाणं देवालेच सांगतलं ना? उठून नाई गेला तो."

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि निघाले. राग मला सासूबाईंचाच आला. मी म्हटलं, "आई, तुमचा देव ऐकत असता तर एव्हाना ऐकलं असतं."

"मले तरी कुठं ऐकू येऊन राह्यलं वं त्याचं? कान देऊन बसली हाय मी." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. पदरानं तोंड दाबून त्या तशाच बसून राहिल्या. प्रार्थना झाली नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पुस्तक, तेच पान.

असं चालू असताना एका सकाळी त्यांनी नेहमीचं विचारलं, आणि भिंतीकडून आवाज आला.

"मी दादाले म्हनलो, हे न्या, हे लय जोरदार हाय. एका फवाऱ्यात काम होते."

मी चक्कीचा पट्टा चढवत होते. हात तिथेच राहिला. काउंटरवर दिवसभर प्रत्येकाला म्हणायचं ते वाक्य, तेच त्यानं भीमरावांना म्हटलं होतं.

सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही. तुझी काय चूक, असंही म्हणाल्या नाहीत. "हं. तिथं अडकला तू," म्हणाल्या. "ऊठ. चाल."

त्या त्याला भीमरावांच्या घरी घेऊन गेल्या. चक्की तशीच टाकून मी मागोमाग. बुद्धाच्या तसबिरीखाली भीमरावांचा फोटो टेकवून ठेवला होता. सासूबाईंनी जयभीम केला आणि शास्त्र काखेतच धरून ठेवलं. तिथे उघडलं नाही. भीमरावांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, आम्हाला बसा म्हटलं नाही.

"काहून आला रे?"

"वैनी, ते औषध मी देल्लं."

"माईत हाय मले." त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "तू नसतं देल्लं तं दुसऱ्यानं देल्लं असतं. पण देल्लं तं तूनंच."

सामू दाराकडे वळला. मला वाटलं, संपलं, आता ह्याला परत नेऊन काही उपयोग नाही. मी त्याचा दंड धरला. तेवढ्यात पंचफुलाबाई म्हणाल्या, "वावरात कापूस फुटून लोंबून राह्यला. बाया भेटत नाईत. उद्या सकाळी येजो."

यात क्षमा होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सामू उठून गेला. शेजारच्या सरीत त्याची आई. दोघं कापूस वेचत होती. सकाळचं स्तोत्र मात्र तेच राहिलं. कापसाची वाळकी पळाटी उपटून झाली, वावर मोकळं झालं, तेव्हा कुठे एका सकाळी त्यांनी पुढचं पान उलटलं.

सामू बरा झाला, असं मी म्हणणार नाही. दुकानात तो परत गेला नाही, माझ्यासोबत चक्कीवर बसू लागला. पहाटे आईसमोर बसायचा, पण बोलायचा क्वचितच. किल्ली मी बरीच वर्षं गळ्यातून काढली नाही.

सासूबाई गेल्या त्या काविळीनं. शेवटी शेवटी त्यांना वाचता येत नव्हतं. शास्त्र नुसतं छातीवर ठेवायच्या. माती द्यायला गाव आलं, आणि पंचफुलाबाई आमच्यासाठी भाकरी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाईट आली. मी उठून चक्कीकडे निघाले. हाताला काम असलेलं बरं. सामू आईच्या जागेवर शास्त्र मांडीवर घेऊन बसला होता. अडखळत थोडं वाचलं त्यानं. मग मान वर न करता विचारलं, "रिबका, तू कुठं अडकली?"

दारात डबे वाजत होते. मी खाली बसले. सुचेल ती ओळ सांगून उठणं आज माझ्याच्यानं होईना.

"मला काही ऐकूच आलं नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "उद्या पाहू."