फुल्यांचं विसर्जन

एका बाईच्या आईच्या हातची शेवटची वस्तू मी वेणा नदीत सोडली, तीही आरती म्हणत. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, मॅट्रिक पास होते आणि हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत चित्रकलेच्या बाईंची मदतनीस म्हणून नुकतीच लागले होते. अक्कल अजून रुजू व्हायची होती.

त्या बाई आयर्लंडच्या. नाव नोरा. तांबडे केस, तोंडभर ठिपके आणि वऱ्हाडी अशी, की बाजारातली भाजीवाली दचकावी. भाषा त्या पोरींकडून शिकल्या होत्या, त्यामुळे मोठ्या बाईंनाही "तू काऊन आली?" म्हणायच्या. त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. रेघ चुकली की म्हणायच्या, "खोडू नको. वळव तिले. कुठं जाते पाहू." त्यांच्या देशात दगडांवर म्हणे न संपणाऱ्या गाठी कोरलेल्या असतात. त्यांनी एक फळ्यावर काढली, तर पोरी अंगणात ठिपके मांडून तीच रांगोळीत काढून मोकळ्या झाल्या. बाई उकिडव्या बसून पाहत राहिल्या. "हे शिकाले मले दोन वर्षं लागले," म्हणाल्या.

जानेवारी संपता संपता त्यांनी ब्रिगिडची फुली शिकवली. नदीकाठचा लव्हाळा दुमडून विणायचा. मधे चौकोन, बाहेर चार हात. ब्रिगिड कोण, असं पोरींनी विचारलं.

"आमच्याकडची देवी म्हणा, संतीण म्हणा. थंडी सरली का येते."

फुली उद्या घरी न्यायची, दारावर लावायची, वर्षभर राहू द्यायची, हेही त्यांनी सांगितलं. मी तेव्हा खिडकीशी वेणी घालत होते. 'देवी' तेवढं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाई रंग आणायला वर्ध्याला गेल्या आणि वर्ग माझ्या हाती आला. देवी म्हटली की विसर्जन आलंच. मातीच्या भुलाबाईचं मी दरवर्षी करतच होते. पोरींची रांग लावली, फुल्या ताटात रचल्या. वर्गाच्या दारावर एक जुनी, वाळून तपकिरी झालेली फुली होती. वडीलधारी म्हणून तिला मधला मान दिला.

"बाई, हे तर घरी न्याचं होतं ना?" एक पोरगी म्हणाली. मी तिला गप्प केलं. माझा आवाज खणखणीत. घाटावरच्या धोबिणीसुद्धा आरतीला हात जोडून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी दारावरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मी अभिमानानं सगळं सांगितलं. त्या पिशवी ठेवून नदीकडे चालू लागल्या. झाडलोट करणाऱ्या गंगूमावशीनं मला कोपऱ्यात ओढलं. "अवं कुसुम, ते त्याईच्या मायनं इणून धाडलं होतं. मांगून माय मेल्याची तार आली."

मी धावत घाटावर गेले. बाई पायरीवर बसल्या होत्या. उथळ पाणी, पण एक काडी दिसेना. मी तोंडात पदर कोंबून रडू लागले. त्या माझ्याकडे वळल्या.

"माय मेली तवा मी इथंच होती. तिले पोचवाले जाता नाई आलं मले. तू नेलं, गाणं म्हणून नेलं, बरं केलं. पण पोरींच्या काऊन बुडवल्या, कुसुम? त्याईच्या माया तर अजून दारात वाट पाहून राह्यल्या."